चॅटचं अ‍ॅप उघडलं की लगेच बंद पडतं

प्रश्न (चाटी गल्ली, सोलापूर): दुकानाचा अँड्रॉइड फोन, ३२ जीबी. चादरी-टॉवेलच्या डिझाइनचे फोटो, व्हिडिओ दिवसभर येतात. चॅटचं अ‍ॅप उघडलं की दोन सेकंदांत गायब. रीस्टार्ट केला, फरक नाही. ऑर्डरी त्यातच आहेत, त्या जाऊ नयेत.

उत्तर १: आधी सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा. १ जीबीपेक्षा कमी मोकळं असेल तर बहुतेक तिथंच दुखणं आहे. मेसेज साठवणाऱ्या फाइलमध्ये (डेटाबेसमध्ये) नवा मेसेज लिहायला जागा मिळत नाही, अ‍ॅप कोसळतं. मोठे व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन फोनमधून उडवा. गॅलरीची कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर जागा सुटत नाही. मग आयकॉन दाबून धरा, अ‍ॅप इन्फो, स्टोरेज, ‘क्लिअर कॅशे’ (यानं फक्त तात्पुरत्या फाइल जातात). शेजारचं ‘क्लिअर डेटा’ चुकूनही दाबू नका, चॅट जातील.

उत्तर २: आणि फोन नवी पेठेत दुरुस्तीला दिलात तर ‘क्लिअर डेटा’ दाबू नका, हे तिथंही बजावून सांगा. जागा असूनही बंद पडत असेल तर प्ले स्टोअरमधून अ‍ॅप आणि ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ (अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवणारा अँड्रॉइडचा भाग) दोन्ही अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या बिघाडामुळं बरीच अ‍ॅप्स अशीच धडाधड बंद पडत होती.

उत्तर ३: अनइन्स्टॉल अगदी शेवटी. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर आधी फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप असं आत जाऊन ‘डेटाबेसेस’ फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. त्यातल्या ‘एमएसजीस्टोअर’ फाइलची, म्हणजे चॅटच्या बॅकअपची, तारीख बघा की. कालची असेल तर अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर कालपर्यंतचंच परत मिळेल. नंबर मात्र तोच हवा.