मदत हवी आहे: काळ्या मातीत बेसबॉलचा माउंड (चेंडू टाकणाऱ्या पिचरचा मातीचा उंचवटा) टिकत नाही

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर आम्ही पोरांना बेसबॉल शिकवतो. मापं सगळी नियमाप्रमाणे आहेत: पिचरची पट्टी होम प्लेटपासून (फलंदाजासमोरची जमिनीतली पट्टी) ६० फूट ६ इंच, माउंडची उंची १० इंच, उतार फुटाला एक इंच. अडचण मातीची आहे. पावसाळ्यात चिखल, आणि मार्चमध्ये भेगा इतक्या की बोट आत जातं. पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे दहा-पंधरा चेंडूंत खड्डा होतो.

मुरूम मिसळून पाहिला, ढेकळं सुटली. विटांचा चुरा टाकला, वरचा थर उडून गेला. ताडपत्री घालतो, रोज पाणी मारून धुम्मसही करतो. अमेरिकेत बोस्टनचं फेनवे पार्क हे बेसबॉलचं मैदान १९१२ पासून चालू आहे, आमचा माउंड एक हंगाम काढत नाही!

सिमेंट चालणार नाही, संध्याकाळी तिथेच क्रिकेट असतं. रोलर नाही, पैसेही बेताचेच.

क्रिकेटची खेळपट्टी करणाऱ्या कुणी सांगावं: पाय पडतो तेवढ्या भागाला चिकणमाती, पोयटा आणि वाळू कोणत्या प्रमाणात घ्यावी, थर किती इंचांचा द्यावा? आणि तशी माती नाशिकजवळ ट्रॉलीने कुठे मिळेल?