मदत हवी आहे : कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजी (सौंदर्यकामाच्या) लायसन्सवर काम करणाऱ्या मैत्रिणींनो

मी इथे एका सलूनमध्ये नोकरी करते. पेडिक्युअरला येणाऱ्या आजींच्या टाचेला जाड घट्टे आहेत, त्यात मधुमेह. मालकीणबाई म्हणतात, "ब्लेडने काढून टाक, त्या स्वतःच सांगतायत ना?" पण आपल्याला लायसन्स देणाऱ्या कॅलिफोर्निया बोर्डाच्या नियमांत घट्टे कापायला ब्लेड चालतच नाही, ग्राहकाने हो म्हटलं तरी. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग कापलेलं कळतही नाही. मी ठाम नकार दिलाय, आजींना पोडियाट्रिस्टकडे (पायांच्या डॉक्टरकडे) जा म्हटलंय.

दुसरं, व्हर्लपूल टब, म्हणजे पाय बुडवायचा, पाणी फिरत राहणारा टब. प्रत्येक ग्राहकानंतर टब रिकामा करून आतून घासायचा, मग जंतुनाशक निदान 10 मिनिटं फिरवायचं आणि वहीत नोंद करायची. गर्दीच्या दिवशी नुसतं पाणी बदलून पुढचा ग्राहक बसवतात आणि नोंदीवर माझी सही मागतात. 2000 साली इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला अशाच टबांतून शंभराहून जास्त बायकांच्या पायांना गळवं झाली होती, हे विसरून कसं चालेल?

तपासणीत दंड सलूनला होतो तसा काम करणारीलाही होतो. नोकरी टिकवून हे कुणी हाताळलंय का? लेखी नकार द्यावा का? बोर्डाकडे नाव न देता तक्रार केल्याचा कुणाला अनुभव?