हिंदी ‘आपोआप येते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अंजर्लेकर (धागाकर्ता)
मराठी माणसाने हिंदी शिकायला बसणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे, लिपी आपलीच, निम्मे शब्द आपलेच, चार चित्रपट पाहिले की भाषा तोंडात बसते, असे काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले. घरातील दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देऊ लागलो, तेव्हापासून माझ्या आईने साठी उलटल्यावर हिंदी शिकायला घेतली आहे आणि तिलाही शेजाऱ्यांनी नेमके हेच ऐकवले. म्हणून सविस्तर लिहितो.

आपोआप येते ती हिंदी नसते, हिंदी शब्द घातलेली मराठी असते. मराठीत लिंगे तीन आणि हिंदीत दोन, त्यामुळे आपल्या नपुंसकलिंगी नामांना दुसरीकडे जावेच लागते, आणि कोण कुठे जाईल हे अंदाजाने कळत नाही: घर पुल्लिंगात जाते, पुस्तक स्त्रीलिंगात. आवाज तर आपल्याकडे पुल्लिंगी असूनही तिकडे स्त्रीलिंगी होतो. ‘मी वाचले’ यात आपण ‘ने’ लावत नाही, म्हणून ‘मैंने पढ़ा’ म्हणताना अडखळतो; उलट ‘त्याने आणले’ या सवयीमुळे ‘उसने लाया’ म्हणून मोकळे होतो, जिथे प्रमाण हिंदीला ‘वह लाया’ हवे असते. चित्रपट पाहून या चुका जात नाहीत, कारण अर्थ लागला की कान पुढचे ऐकायचेच सोडून देतो. ज्याला ही भाषा सर्वस्वी परकी आहे तो पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. आपण पहिला धडाच वगळतो. बालभारतीची पाचवीपासूनची हिंदीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यांतले प्रत्येक नाम विशेषणासह पाठ करावे (अच्छी किताब, ठंडा पानी) आणि रोज थोडी वाक्ये भूतकाळात लिहावीत.

देवगडचा बागायतदार
आपले व्याकरण आपल्याला लखलाभ होवो. माझ्या बागेत राखणीला नेपाळी गडी आहेत. त्यांचीही हिंदी ऐकीव आणि माझीही. ‘फवारणी किया क्या’ एवढ्यावर आमचा हापूस दरसाल पिकतो आहे, आणि फवारणीचे लिंग चुकले म्हणून मोहोर गळाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

खाडीकाठ
मुळात प्रश्नच उलटा विचारला आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात खलाशी नेपाळचे, कर्नाटकचे. १ जूनला मासेमारी बंदी लागली की गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, त्यांच्याशी हट्टाने मराठीत बोलला तर ते मराठी शिकतात, हे मी आमच्या नौकेवर पाहिले आहे. परंतु परका चेहरा दिसताच आपण स्वतःहून हिंदी सुरू करतो आणि मग आपल्याच गावात आपली भाषा ऐकू येत नाही म्हणून गळा काढतो. अंजर्लेकरांनी आईला शिकवण्यापेक्षा पाहुण्यांना शिकवावे.

निवृत्त मास्तर, चिपळूण
खाडीकाठ यांच्याशी पूर्णतः सहमत आहे. हिंदी ही राष्ट्रभाषा नाही. घटनेच्या कलम ३४३ नुसार ती संघाची राजभाषा आहे, हे आयुष्यभर वर्गात सांगून माझा घसा बसला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने ती पहिलीपासून अनिवार्य करण्याचा निर्णय काढला, आणि एवढा विरोध झाला तेव्हा कुठे २९ जूनला तो मागे घेण्यात आला. त्यासाठी आम्ही पत्रे लिहीत होतो. आणि येथे मंडळी आपण होऊन गळ्यात दावे अडकवून घेत आहेत.

अंजर्लेकर
मास्तर, त्या सक्तीला माझाही विरोध होता. सहा वर्षांच्या मुलावर भाषा लादणे आणि साठीच्या बाईने ती स्वखुशीने शिकणे यांतला फरक शिक्षकाला समजावून सांगावा लागत असेल, तर कठीण आहे. आपले उत्तर शासनासाठी आहे. ते चुकून माझ्या आईच्या पत्त्यावर आले आहे.

निवृत्त मास्तर, चिपळूण
आपल्या मातोश्रींविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही. वडीलधाऱ्यांशी बोलण्याची ही पद्धत असेल, तर आधी मराठीचाच सराव करावा.

राजापूरची
दोघांनीही जरा थांबावे. माझे मुसलमानी नाव कळताच समोरचा मराठी माणूस माझ्याशी हिंदीत बोलू लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आमच्या घरात कोकणी बोलली जाते. आजीला तर हिंदीचे एक वाक्यही धड जुळवता येत नसे. मी उर्दू माध्यमात शिकले, त्यामुळे हे ‘ने’ प्रकरण शाळेतच ओरडा खाऊन पाठ झाले. आपोआप आले नाही, हे त्या सद्गृहस्थांनी ध्यानात घ्यावे. पुढे देवनागरीतली हिंदी माझी मीच शिकले, तेव्हा व्याकरण तेच निघाले आणि संस्कृत शब्दांनी दमवले.

मात्र अंजर्लेकरांचा क्रमही मला पटत नाही. आमच्या चुलत्यांनी लखनौहून आलेल्या एका वयस्कर पाहुण्यांना अगदी मानाने ‘तुम बैठो’ म्हटले. आपल्या ‘तुम्ही’मध्ये आदर आहे, तो त्यांच्या ‘तुम’मध्ये वडीलधाऱ्यांसाठी नसतो. पाहुणे काही बोलले नाहीत, पण जेवायचे ठरलेले असूनही न जेवता निघून गेले. खोल्या द्यायच्या असतील तर आईंना आधी ‘आप बैठिए’, ‘आप कब आएँगे’ एवढे पक्के करू द्या. किताब स्त्रीलिंगी आहे हे नंतर कळले तरी कोणी उपाशी जाणार नाही.

अंजर्लेकर
हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. आईला वाचून दाखवले; तिने तुमचीच बाजू घेतली आणि माझी लिंगांची वही तूर्त बाजूला ठेवली आहे.

खाडीकाठ
राजापूरच्या ताईंचा पहिला परिच्छेद माझ्याच बाजूचा आहे, हे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. त्यांच्याशी हिंदीत बोलणारे आणि खलाशांशी हिंदीत बोलणारे ही एकच माणसे आहेत.

राजापूरची
लक्षात घेतले आहे. परंतु खलाशाने मराठी शिकावी म्हणून अंजर्लेकरांच्या आईंनी हिंदी शिकू नये, हे त्यातून कसे निघते, ते आपण सांगावे.

देवगडचा बागायतदार
आपले वाद सावकाश चालू द्या. ते पाचवीचे पुस्तक संकेतस्थळावर नेमके कुठे सापडते तेवढे कोणीतरी लिहावे. मला नको आहे. यंदा वाशीच्या बाजाराऐवजी काही पेट्या थेट इंदूरला पाठवायच्या आहेत, आणि तिथल्या व्यापाऱ्याशी दराचे बोलणे माझा मुलगा करणार आहे.