मध्यक म्हणजे सरासरी की मधला आकडा?

दांडियाबाजार, बडोदा
भाचीच्या मानसशास्त्राच्या प्रबंधाचा गुजराती गोषवारा मराठीत करतेय. दिवा लागला की बटण दाबायचं, विशीतला गट आणि साठीपुढचा गट, कोणाला किती वेळ लागला, म्हणजे 'प्रतिक्रियाकाल', याची तुलना. तिने 'मध्यक' लिहिलंय, मी तसंच ठेवलं. पुण्याच्या जाऊबाई म्हणाल्या, मध्यक म्हणजे चढत्या क्रमातली मधली संख्या. अहो, गुजराती शाळेत मध्यक म्हणजे सरासरी! मधल्या संख्येला इथे मध्यस्थ म्हणतात. काय लिहू?

रावपुरा
मध्यस्थ नकोच, मराठीत तो भांडण मिटवणारा. 'सरासरी' लिहून मोकळ्या व्हा.

राजवाडा, इंदूर
थांबा, आधी भाचीला विचारा तिने काढलंय काय. समजा एकाचे पाच वेळ २४०, २५०, २६०, २७० आणि ७८० मिलिसेकंद. सरासरी ३६०, मधला आकडा २६०. एकदाच लक्ष उडालं आणि १०० चा फरक! या मोजमापात असं नेहमी होतं, कारण हात फार लवकर हलू शकत नाही, उशीर मात्र कितीही होऊ शकतो. एका शब्दाने म्हातारे उगाच मंद ठरायचे. महाराष्ट्रातल्या दहावीच्या पुस्तकात मध्य म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे मधला आकडा. आमच्या हिंदीतही माध्यक मधलाच.

मांडवी
मला 'प्रतिक्रियाकाल' खटकतो. प्रतिक्रिया पुढारी देतात. 'प्रतिसादकाळ' म्हणा, आणि काळ ळ-चा.

रावपुरा
प्रतिसाद तर नाटकाला मिळतो. 'रिॲक्शन टाइम' सगळ्यांना कळतं.

मांडवी
हे बडोद्यात बसून म्हणता? सयाजीराव महाराजांनी १९३१ साली सयाजीशासनशब्दकल्पतरू काढवला, राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले. आमच्या आजोबांच्या कपाटात होता. मध्यकाचा हा घोळ अशा कोशानेच सुटेल. आणि मिलिसेकंदाला आपला 'निमिष' आहेच की.

राजवाडा, इंदूर
निमिष म्हणजे पापणी लवणं. त्याला १०० मिलिसेकंद तरी लागतात. मोजमापात तो शब्द चालणार नाही.

मांडवी
मग निमिषाचा शतांश म्हणा. 'शतनिमिष' काय वाईट आहे?

रावपुरा
शतनिमिष म्हणजे शंभर निमिषं होतील, शतांश नव्हे. शतकाचं काय करता मग?

दांडियाबाजार, बडोदा
गोषवारा उद्या द्यायचाय हो. मध्यकाचं सांगा ना कोणीतरी.

मांडवी
'शतांशनिमिष' मग. आता तरी हरकत नाही ना?