बेरोजगारी ३.२ टक्के, मग आमच्या वाडीत कुलपं का?

राजापूरची: काल इथे एकाने लिहिलं, 'देशातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. कोकणात तर कामाला माणूस मिळत नाही. रडगाणं पुरे.' वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितेय.

हा दर सरकारच्या श्रमशक्ती पाहणीतला. त्यात कोण धरतात ते बघा. जो काम करतो किंवा शोधतो, तोच हिशोबात. शोधून दमला आणि घरी बसला, तो बेरोजगारसुद्धा नाही. मुंबईला गेला, तो तिकडे मोजला जातो. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची घटली. माणसंच निघून गेली तर इथे बेरोजगार उरणार कोण? आमच्या वाडीत सतरा घरं. सहा उघडी, बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात.

आणि मी? घरच्या दुकानात सकाळ-संध्याकाळ बसते. पगार नाही. पाहणीत मी कामावर आहे! २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी १९.४ टक्के असेच, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे.

देवगडचा बागायतदार: तो मजकूर माझा. ताई, पगार नाही म्हणजे काम नाही? माझ्या आईने जन्मभर भात लावला, तिला बेकार म्हणू? आणि व्याख्या २०१७-१८ लाही हीच होती. मापटं तेच ठेवून आकडा उतरला, तर उतरलाच म्हणायचं.

आंब्याच्या कलमांच्या राखणीला मला नेपाळहून गुरखे आणावे लागतात. गावातली पोरं नाक्यावर बसून नोकरी नाही म्हणतात. हे कुठल्या रकान्यात घालू?

दांडी किनारा, मालवण: बागायतदारानू, माझो भाचो दोन हंगाम राखणीक होतो. कोणाकडे ता सांगणंय नाय. रात्री कलमांखाली, दिवसा पेट्यो भरूच्यो. अवकाळी पावसान फळ गळला, तसो त्याचो शेवटच्या म्हयन्याचो पगार पण गेलो. नेपाळी माणूस घर सोडून बागेतच ऱ्हवता, म्हणान तो तुमका परवडता. आमच्या पोरांका आळशी म्हणा नको!

देवगडचा बागायतदार: कुणी पगार बुडवला तो माझ्या माथी नको. मी गुरख्याला हंगामाचा पैसा आगाऊ देतो. थ्रिप्सवर, म्हणजे फुलकिड्यांवर फवारण्या, मोहोरासाठी घालायच्या कल्टार औषधाचा खर्च, वर बँकेचं कर्ज. एकदा स्वतः बाग करून बघा, मग बोला.

राजापूरची: गुरख्यांचं बास झालं. मी आकड्यांबद्दल विचारलं होतं.

दांडी किनारा, मालवण: गुरख्याचाच बोलूक व्हया. होडयेवर खलाशी पण नेपाळी. मगे आमची पोरा गोव्याक हॉटेलात भांडी घासूक कित्या जातत? थय म्हयन्याच्या म्हयन्याक पैसे मिळतत म्हणान.

कणकवलीचा मास्तर: मी दोन वर्षं कंत्राटावर घरोघर फिरून अशी माहिती भरली आहे. हा ३.२ वर्षभराच्या व्याख्येतला आकडा. एखादा वर्षातला बहुतेक काळ काम शोधत होता, पण जोडकाम म्हणून तीस दिवस कुठेतरी राबला, तर तो रोजगारात. एका घरात मुलगी पदवीधर. एप्रिल-मेमध्ये कॅनिंगला, म्हणजे फळं डबाबंद करायच्या कारखान्यात फणस-आंबे कापायची, उरलेले दहा महिने अर्ज करायची. तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने कामाचा कोड भरला. नियमाने बरोबर होतं. ती विचारत होती, 'सर, मला नोकरी लागली असं लिहिलंत का?'

देवगडचा बागायतदार: तीस दिवसांचं मला माहीत नव्हतं. मानतो. पण आकडा खोटा म्हणणार नाही, अपुरा म्हणेन. ताई, 'रडगाणं' हा शब्द मागे घेतो, तेवढाच. मालवणवाल्यांनी भाच्याला घेऊन यावं. यंदा दोन माणसं हवीत.

दांडी किनारा, मालवण: हाडतंय. पण पगार किती आणि कोणत्या तारखेक, ता आधी कागदार लिवन देवा.