मदत हवी आहे: हिमबिबट्या बघायला एकटीच निघालेय
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, आजवरचं माझं जंगल म्हणजे नान्नजचा माळ. गेल्या महिन्यात तिथे एक लांडगा बोरीच्या झुडपाआड पाठमोरा थांबला, मान तेवढी वळवून माझ्याकडे बघितलं आणि चालू लागला. तेव्हापासून डोक्यात एकच: फेब्रुवारीत लडाखचं हेमिस राष्ट्रीय उद्यान. एकटीच. (घरी अजून फक्त ‘लेहला जातेय’ एवढंच सांगितलंय.)

लेह साडेतीन हजार मीटरवर, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस नुसता आराम. पुढे उद्यानातल्याच रुंबक गावात होमस्टे. अडतंय ते इथे: माग काढणारा स्थानिक माणूस एकटीलाच पूर्ण घ्यावा लागतो, की दुसऱ्या कुणाबरोबर खर्च वाटून घेता येतो? माझी दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. राखाडी खडकावर राखाडी जनावर, तिने काय दिसणार? की माग काढणाऱ्याच्या टेलिस्कोपवरच भिस्त ठेवायची? आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत बसतात म्हणे. अंगालगतच्या खिशात ठेवून भागतं का?

कडक भाकरी, शेंगाचटणी घेणारच आहे. सोलापुरी चादर मात्र तिथे काय पुरणार! कुणी एकटं जाऊन आलं असेल तर सांगा, बायकांनी तर नक्कीच.