चिडवतात ते अडाणी म्हणून नव्हे

"गावाकडच्यांना तंत्रज्ञान कळत नाही म्हणून ते आयटीवाल्यांची थट्टा करतात" हे मत कोल्हापूर-सांगलीपुरतं तरी मला अजिबात पटत नाही. तिकडे तंत्रज्ञान घरातलंच आहे, फक्त ते लोखंडाचं आहे. किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० ची, सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आजही फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आणि मशीनशॉप्स आहेत. अशा घरांत काम म्हणजे हातात धरून दाखवता येईल, मापता येईल अशी वस्तू. माझे मामा टर्नर, लेथवर काम करणारे; मी आयटीत. दिवाळीला पंगत बसली की त्यांचा ठरलेला प्रश्न, "काय गा, यंदा किती बटणं दाबलीस?" एकदा त्यांच्याकडच्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, मशीनच्या स्क्रीनवर प्रोग्रॅम दिसत होता: जी०१, म्हणजे सरळ रेषेत कापत जा, पुढे एक्स आणि झेडचे आकडे, मग फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग. मी एकेक ओळ वाचून टूल आता कुठे जाणार ते सांगत गेलो. मामा माप घ्यायचं व्हर्नियर पुसत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे हेच करतोस व्हय तू!" आता ते पगाराआधी काम विचारतात.

बहिणीचं मात्र वेगळं आहे. तीही आयटीतच. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्रीच असतात, आणि तिला हसत हसत विचारलं जातं, "एवढ्या रात्री कुणाशी बोलतीस गं?" याला मी थट्टा म्हणणार नाही. तिथे घरातल्या भावांनी, मामांनी तिथल्या तिथे बोलायला हवं.